रिपोर्टमधला ०.८२ आणि दादाची एक्सेल शीट

पत्र (थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

"ताई, तुम्ही इतकी वर्षं एमआरआयवर काम केलंय म्हणून तुम्हालाच लिहितेय. आईला (वय ५८) डाव्या बाजूला गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर आला. त्यानंतर पाचव्या दिवशी ब्रेस्टचा एमआरआय केला. त्यात लिहिलंय गाठ २.१ सेंटीमीटर, डिफ्यूजन रिस्ट्रिक्टेड, एडीसी ०.८२. दादा हिंजवडीला आयटीत आहे, त्याने रात्रभर नेटवर वाचलं, एआयला विचारलं, एक्सेल शीट केली, आणि त्यातून निघालं की एडीसी कमी म्हणजे गाठ ॲग्रेसिव्ह, म्हणजे प्रॉग्नोसिस वाईट. तेव्हापासून घरात कुणी धड जेवत नाहीये. बाबा गप्प. आईला आकडा सांगितला नाहीये पण आम्ही काहीतरी लपवतोय हे तिला कळतंय. दादा म्हणतो दुसऱ्या सेंटरला थ्री टेस्लावर (जास्त ताकदीच्या मशीनवर) परत काढू, शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, ॲडव्हान्सही भरलाय. ऑन्कोलॉजिस्टची भेट पुढच्या बुधवारी. बायोप्सी रिपोर्टचा फोटो जोडलाय. ०.८२ म्हणजे आई किती... पुढचं लिहवत नाही. – एक लेक, धायरी"

अगं, जे लिहवलं नाही ते नाहीच लिहिलंस ते बरं केलंस, कारण त्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नाहीच्चे. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते, टेक्नॉलॉजिस्ट होते, तेवीस वर्षं पुण्यात कन्सोलवर बसले, त्यामुळे ट्रीटमेंट काय घ्यायची हे मी सांगणार नाही, पण तो ०.८२ रिपोर्टात कसा येऊन पडतो हे मला फार जवळून माहितीये आणि तुमच्या घरी सगळा घोळ तिथेच झालाय.

आई त्या मशीनमध्ये कशी होती ते तिला विचारलंस का? पालथं झोपवतात, दोन्ही बाजूंना खाली मोकळी जागा असलेल्या कॉइलवर, मंगळसूत्र, बांगड्या, चमकी सगळं काढून, गाउन पुढून उघडा, कानात बोळे. मग वीस-पंचवीस मिनिटं वेगवेगळे आवाज. त्यातला एक सिक्वेन्स असा असतो की टेबलच थरथरतं, जुन्या पीएमटीत मागच्या सीटवर बसल्यासारखं, तीन-चार मिनिटं. पेशंट बाहेर आल्या की हमखास विचारायच्या, "मशीन बिघडलं होतं का हो मधे?" तर ते डिफ्यूजन. त्याला शिरेतलं इंजेक्शनपण लागत नाही. ते इंजेक्शन गाठीत रक्त कसं भरतं ते बघायला असतं, तो वेगळा भाग.

डिफ्यूजन काय मोजतं तर पाणी. शरीरातल्या पाण्याचा कण एका जागी बसत नाही, सतत इकडेतिकडे धडका खात हिंडतो. मशीन फक्त एवढं बघतं की सेकंदाच्या विसाव्या भागाएवढ्या वेळात तो सरासरी किती लांब गेला. लांब म्हणजे तरी किती, मिलिमीटरचा शंभरावा भाग, साधारण एका पेशीएवढं अंतर, आणि म्हणूनच त्याला पेशींची गर्दी कळते. तुला दिवाळीच्या आदल्या रविवारी तुळशीबागेत सोडलं आणि एका मिनिटाने विचारलं कुठे पोचलीस, तर तू अजून त्याच कानातल्यांच्या टपरीसमोर असशील. तेच पहाटे सहाला सोडलं तर पार लक्ष्मी रोड ओलांडून गेली असशील. तू तीच, पाय तेच, गर्दी वेगळी. गाठीत पेशी दाटीवाटीने असतात म्हणून पाणी अडतं, त्यालाच रिस्ट्रिक्टेड म्हणतात, आणि एडीसी म्हणजे त्या हिंडण्याचा आकडा. पूर्ण लिहायचा तर ०.८२ गुणिले दहाचा उणे तीन घात, स्क्वेअर मिलिमीटर पर सेकंद. शरीराच्या तापमानाला नुसतं मोकळं पाणी घेतलं तर तो ३ च्या आसपास येतो. मेंदूत झटका (स्ट्रोक) आला की हेच तंत्र वापरतात, तिथे त्याने नाव कमावलं, ब्रेस्टमध्ये ते बऱ्याच नंतर आलं.

आता दादाचं म्हणणं. तो सगळाच चुकलाय असं नाही, उगाच त्याच्यावर चिडू नकोस. युरोपातल्या ब्रेस्ट रेडिओलॉजिस्टच्या संघटनेच्या गटाने २०२० मध्ये एडीसीचे पाच कप्पे छापले, ०.९ पर्यंत खूप कमी, ०.९ ते १.३ कमी, मग मधला, मग जास्त, आणि २.१ च्या वर खूप जास्त. ०.८२ सगळ्यात खालच्या कप्प्यात बसतो, खरंय. पण हे कप्पे कशासाठी? तर गाठ साधी असेल की कॅन्सरची, हा संशय किती घ्यायचा ते ठरवायला. बहुतेक कॅन्सर ०.८ ते १.३ च्या दरम्यान येतात, निरोगी ग्रंथींचा भाग त्याच्या बराच वर असतो. म्हणजे ०.८२ बघून रेडिओलॉजिस्ट म्हणणार "हा कॅन्सर वाटतोय", आणि हे तुम्हाला बायोप्सीने पाच दिवस आधीच सांगितलेलं होतं! नवीन काय कळलं? काही नाही. दादाने ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालंय त्या प्रश्नाचा आकडा घेतला आणि दुसऱ्याच प्रश्नाच्या कॉलममध्ये भरला.

दुसरा प्रश्न, म्हणजे हा कॅन्सर पुढे कसा वागणार, त्यावर एडीसी लावून बघायचं काम जगभर चालू आहे आणि मला त्यात रस आहे, मी अजूनही वाचते. पण तिथे सरळ रेघ नाहीये. ढोबळ बघितलं तर कमी एडीसी आणि जास्त केआय-६७ (म्हणजे पेशी किती जोरात वाढतायत त्याचं माप) यांचं थोडंफार जुळतं, थोडंफारच. पण मग पुढचं बघ. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर पोसणाऱ्या) गाठींचा एडीसी बऱ्याच अभ्यासांत निगेटिव्ह गाठींपेक्षा कमीच आलाय, आणि हार्मोन पॉझिटिव्ह म्हणजे सहसा बरी बाजू. हर-टू (पेशीवरचं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह गाठी जोरात वाढणाऱ्या, पण त्यांचा एडीसी उलट जरा वर येतो. ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही नसलेल्या) गाठीचा मधला भाग कधीकधी मरून पोकळ होतो, तिथे पाणी मोकळं फिरतं, आकडा वर जातो, दिसायला छान आणि असते खट. आणि म्युसिनस नावाचा एक प्रकार असतो, शेंबडासारख्या चिकट द्रवाने भरलेला, त्याचा एडीसी इतका जास्त येतो की साधी गाठ समजून फसायला होतं, तो बिचारा सहसा सावकाश वागणारा. आता सांग, "कमी म्हणजे वाईट" हे एक्सेलच्या कुठल्या फॉर्म्युल्यात बसवणार?

आता ०.८२ जन्माला कसा येतो ते. रेडिओलॉजिस्ट स्क्रीनवर एडीसीचा मॅप उघडतात, करडा-काळा ठिपक्याठिपक्यांचा, ब्रेस्टच्या मॅपमध्ये एकेक ठिपका दोनेक मिलिमीटरचा, म्हणजे तुझ्या आईची अख्खी गाठ आडवी दहा-अकरा ठिपक्यांत संपली. त्यावर माऊसने एक गोल टाकायचा आणि मशीन त्या गोलातली सरासरी देतं. कुणी सगळ्यात काळ्या भागात बारकासा गोल टाकतं (त्या युरोपियन गटाचं म्हणणंही तेच आहे, निदान तीन ठिपके घ्या म्हणतात), कुणी पूर्ण गाठीभोवती टाकतं, त्यात कडेची बरी जागा आली की आकडा वर. एकाच गाठीला सकाळच्या डॉक्टरांनी ०.८ आणि संध्याकाळच्या डॉक्टरांनी १.० दिलेला मी पाहिलाय आणि दोघंही बरोबर होते. त्यात बी व्हॅल्यू नावाचं एक सेटिंग असतं, ब्रेस्टला वरची व्हॅल्यू ८०० ठेवायची शिफारस आहे, कुणी १००० वर काढलं की आकडा जरा खाली येतो. आणि तुमच्या बाबतीत तर बायोप्सीनंतर पाचव्या दिवशी स्कॅन! सुई गेलेल्या जागी रक्त साकळलेलं असतं, खुणेची धातूची क्लिप टाकली असेल तर तिथे काळा डाग येतो, हे गोलाच्या आत आलं की आकडा बिघडला.

माझ्याच डोळ्यादेखत झालेली एक गोष्ट सांगते. एका सेंटरला (नाव नको) दिवसाला इतके पेशंट घ्यायचे की श्वास घ्यायला वेळ नसायचा. एका बाईंच्या स्कॅनमध्ये चरबीचा सिग्नल दाबला गेला नव्हता, एका बाजूला नीट आणि दुसऱ्या बाजूला उजळ पट्टा तसाच राहिलेला. चरबीत पाणी फारसं हलत नाही, ती मापात मिसळली की एडीसी खोटा कमी दिसतो. मी म्हणलं परत काढते, तर वरून उत्तर आलं की पुढचा पेशंट कपडे बदलून बसलाय. आकडा गेला रिपोर्टात, दोन दशांश स्थळांसकट. ती दोन दशांश स्थळंच घात करतात बघ, माणसाला वाटतं इतकं बारीक मोजलंय म्हणजे सोन्याच्या काट्यावर मोजलं असणार. तुमच्या रिपोर्टात तसं झालंय असं मी म्हणत नाहीये, स्कॅनची चित्रं न बघता कसं म्हणणार.

आणि सगळं नीट केलं तरी? अमेरिकेत दहा सेंटर्सनी मिळून हे तपासलं होतं, बाईला स्कॅन करायचं, टेबलवरून उठवायचं, थोड्या वेळाने परत झोपवून तेच स्कॅन. त्यातून निघालं की एडीसी मधे साधारण १३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तरच तो खरा बदल धरायचा. तुझ्या आईचे १३ टक्के म्हणजे जवळपास ०.११. म्हणजे शनिवारी दुसऱ्या सेंटरला ०.९२ आला तर दादा पेढे वाटणार आणि ०.७३ आला तर बाबा परत उपाशी झोपणार, आणि दोन्ही वेळी गाठ तीच. त्यात मशीन वेगळं, कॉइल वेगळी, गोल टाकणारा हात वेगळा, म्हणजे फरक त्याहूनही जास्त पडू शकतो. थ्री टेस्लाने फोटो स्वच्छ येतो, पण म्हणून आकडा सत्यनारायणाचा प्रसाद होत नाही.

त्याच अमेरिकन अभ्यासाचा मुख्य भाग तुला उपयोगी पडेल, म्हणजे कदाचित. आधी किमो आणि मग ऑपरेशन असं ज्यांचं ठरतं त्यांच्यात एडीसी बघत गेले, सुरुवातीला, तीन आठवड्यांनी, बारा आठवड्यांनी. औषध लागू पडलं की पेशी मरतात, गर्दी कमी होते, पाणी मोकळं होतं, एडीसी चढतो, कल्पना सुरेखच आहे. २०१८ ला २४२ जणींचा निकाल छापून आला. तीन आठवड्यांच्या बदलावरून काही सांगता आलं नाही. बारा आठवड्यांच्या बदलावरून गाठ पूर्ण विरघळणार की नाही याचा अंदाज करता आला, पण किती, तर ०.६० गुण. या परीक्षेत ०.५ म्हणजे छापा-काटा आणि १ म्हणजे देव. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गटात तेच गुण ०.७६ झाले, ते बरे आहेत. सुरुवातीचा आकडा नुसता घेऊन, म्हणजे तुमच्या ०.८२ सारखा, मात्र काही हाती लागलं नाही. एकच आकडा मुका असतो गं, त्याच बाईचा, त्याच मशीनवरचा दुसरा आकडा शेजारी आला की मग तो बोलायला लागतो. आता कोरिया-जपानकडचे लोक आणखी पुढे गेलेत, सरासरी सोडून गाठीच्या आत आकडे किती विखुरलेत ते बघतात, गाठीच्या भोवतालचा भाग आणि गाठ यांचा भागाकार करतात, त्याचा काखेतल्या गाठींशी (लिम्फ नोड्स) आणि पुढे पसरण्याशी काही संबंध लागतो का बघतात, हे सगळं चांगलं आहे, पण अजून तुमच्या बुधवारच्या ओपीडीत यावर कुणी निर्णय घेत नाही.

मग बुधवारी निर्णय कशावर होणार? तू जो फोटो पाठवलायस ना, मोबाईलवर आडवा काढलेला, कोपऱ्यात चहाच्या कपाची सावली पडलेला, त्यावर. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ९० टक्के पॉझिटिव्ह, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) ६० टक्के, हर-टू वन प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीनपैकी ग्रेड दोन, केआय-६७ अठरा. अगं हा कागद घरात असताना तुम्ही ०.८२ घेऊन बसलात! ईआर पॉझिटिव्ह आहे म्हणजे हार्मोन अडवणारी गोळी चालते, पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोलसारखी, निदान पाच वर्षं, आणि ती रोजची साधी गोळी कॅन्सर परत येण्याची शक्यता खरोखर खाली आणते. राहिलं काखेचं. काखेतल्या गाठींमध्ये काही आहे का हा मोठा प्रश्न अजून उघडा आहे आणि तुझ्या पत्रात त्यावर एक अक्षर नाही, म्हणजे बघ घाबरायचं तरी कशाला घाबरायचं हेही त्या आकड्याने चुकवलं.

तर बुधवारी एका कागदावर लिहून ने, नुसतं मनात ठेवलंस तर केबिनमध्ये गेल्यावर सगळं विसरशील, सगळे विसरतात. काखेची सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी लागेल का ते विचार. आधी ऑपरेशन की आधी किमो, आणि का, ते विचार. आधी किमो ठरलीच तर मग हा एमआरआय पहिला धडा म्हणून कामाचा आहे, पुढचा त्याच सेंटरला, त्याच मशीनवर काढू द्या, आणि तेव्हा विचारा की एडीसी पण बघणार का. आधी ऑपरेशन ठरलं तर किमो लागेलच का यासाठी जीनची टेस्ट करायची का ते विचार. ऑन्कोटाईप नावाची एकवीस जीन्सची टेस्ट आहे, २०१८ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं की काखेत काही नसलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्कोअर २५ पर्यंत असेल तर किमोने जास्तीचा फायदा होत नाही, गोळीवर भागतं. बंगळुरात तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट म्हणूनही एक आहे, ती जीन्सऐवजी गाठीतली काही प्रोटीनं बघते. दोन्ही खिशाला जड आहेत आणि सगळ्यांना लागतातच असं नाही, ते डॉक्टर सांगतील. पण प्रॉग्नोसिसचा आकडा हवाच असेल दादाला तर तो या बाजूला शोध म्हणावं.

दादाला काम दे गं. अशा वेळी हातात काम नसलेला हुशार माणूस घरात फार त्रास देतो, आमच्याकडे माझ्या नवऱ्याने माझ्या सासूबाईंच्या आजारात तेच केलेलं. त्याला सांग बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून आण. लागलं तर परळला टाटाला किंवा दुसऱ्या चांगल्या पॅथॉलॉजिस्टकडे तेच परत वाचून घेता येतं, आणि दुसरं मत घ्यायचंच असेल तर ते या कागदावर घ्या, कारण सगळी ट्रीटमेंट यावरच उभी राहणार आहे. एमआरआयची सीडी पण आणायची, नुसता फिल्मचा मोठा लखोटा नको, फिल्मवर कुणाला काही मोजता येत नाही. इन्शुरन्सच्या प्री-ऑथची (आधीच्या मंजुरीची) कागदपत्रं जमव म्हणावं, त्यात त्याची एक्सेल खरंच कामी येईल.

आणि आई. तिला सांगितलं नाहीये म्हणतेस, पण थरथरत्या टेबलावर पालथी ती झोपली होती ना, तू नाहीस की दादा नाही. तिला गाठ लागली ती तिच्याच हाताला. आकडा सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, फार मोठं गुपित असल्यासारखं सांगू नकोस एवढंच. आज रात्री भाजी निवडताना वगैरे सांग, की रिपोर्टात पाण्याचा एक आकडा होता, आम्हाला नीट कळला नाही आणि आम्ही घाबरलो. बहुतेक ती तुम्हालाच ओरडेल. आणि मग बायोप्सीचा कागद तिच्या हातात दे, ५८ म्हणजे काही म्हातारी नाही, मराठीत समजावून सांगितलं तर तिला ईआर-पीआर तुझ्याआधी कळेल. बुधवारी केबिनमध्ये तिलाच डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसव, तुम्ही मागे उभे राहा, आपल्याकडे नेमकं उलटं होतं, मुलगा समोर आणि पेशंट भिंतीला टेकून.

शनिवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करा, आणि फोन करताना ॲडव्हान्स परत मागा, रीतसर मागा, पुण्यात मागितल्याशिवाय कुणी परत देत नाही.